सावलीचा कोन आणि शहराचे नियम

एक मीटर लांबीची सरळ काठी शाळेच्या मैदानावर ओळंब्याने उभी रोवा आणि सूर्य सर्वांत उंच आला असताना तिची सावली मोजा. २२ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत ही सावली साधारण ९१ सेंटिमीटर भरेल. त्याच दिवशी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात तेवढ्याच काठीची सावली दोन मीटरांपेक्षा थोडी जास्त पडते. काठी तीच, सूर्य तोच. फरक अक्षांशाचा आहे. मुंबई १९ अंश उत्तरेस, न्यूयॉर्क सुमारे ४०.७ अंश उत्तरेस. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेस असतो. म्हणून ९० मधून हे दोन्ही कोन वजा केले की मध्यान्हीच्या सूर्याची क्षितिजापासूनची उंची, म्हणजे उन्नतांश, मिळतो. मुंबईत तो ४७.६ अंश येतो आणि न्यूयॉर्कमध्ये २५.९ अंश. काठीच्या उंचीला या कोनाच्या टॅनने भागले की सावलीची लांबी मिळते. दहावीच्या गणितात एवढे येतेच.

आता काठीच्या जागी १६४ मीटर उंचीची इमारत ठेवा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर १९१५ साली अशी एक इमारत पुरी झाली. तिचे नाव इक्विटेबल बिल्डिंग. रस्त्याच्या कडेपासून ती कोठेही मागे न सरकता भिंतीसारखी सरळ वर गेली. भूखंड जेमतेम एक एकर, आणि सर्व मजल्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे १२ लाख चौरस फूट, म्हणजे भूखंडाच्या जवळजवळ तीसपट! वरचे गणित लावून पाहा: डिसेंबरमध्ये मध्यान्ही हिची सावली सुमारे ३४० मीटर लांब जाते. ही सावली सात एकर जागेवर पडते, असे त्या काळी सांगत. शेजारच्या इमारतींतील खोल्यांत दिवसा दिवे लावावे लागले, त्यांची भाडी उतरली. विजेचे दिवे तेव्हा मंद होते आणि वातानुकूलन नव्हते. खिडकीतून येणारा उजेड आणि वारा हीच खोलीची खरी किंमत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे शेजाऱ्यांचा संताप समजतो.

२५ जुलै १९१६ रोजी न्यूयॉर्कने साऱ्या शहरासाठी इमारतींचे नियम मंजूर केले. एडवर्ड बॅसेट या वकिलाचा त्यात मोठा वाटा होता. शहराचे विभाग पाडायचे आणि कोणत्या विभागात काय बांधावे, किती उंच बांधावे, हे आधीच ठरवून द्यायचे, या पद्धतीला तिकडे झोनिंग म्हणतात. सावली हे या नियमांचे एक कारण होते. दुसरे कारण इतके सरळ नव्हते. फिफ्थ ॲव्हेन्यू या श्रीमंत रस्त्यावरील दुकानदारांना जवळ येऊ लागलेले कपड्यांचे कारखाने आणि दुपारच्या सुट्टीत रस्त्यावर उतरणारे तिथले कामगार नको होते. उजेडाच्या नियमाआडून माणसांनाही वेगळे ठेवता येते, हे पहिल्या दिवसापासून दिसत होते.

पण भूमितीच्या दृष्टीने नियम सुंदर होता. रस्त्याच्या रुंदीच्या ठरावीक पटीपर्यंतच इमारतीने रस्त्यालगत सरळ वर जायचे. ही पट विभागाप्रमाणे एक, सव्वा, दीड, दोन किंवा अडीच. ‘दोन पट’ विभागात रस्ता ३० मीटर रुंद असेल तर भिंत ६० मीटरपर्यंत. त्याहून वर जायचे असेल तर प्रत्येक मीटर मागे सरकल्यावर चार मीटर चढायची मुभा. कागदावर आकृती काढा. रस्त्याच्या मध्यबिंदूपासून निघालेली एक तिरपी रेषा दिसेल आणि इमारत त्या रेषेच्या खाली राहील. भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर मात्र कितीही उंच मनोरा बांधायची परवानगी होती. त्यामुळे पुढच्या तीस-चाळीस वर्षांत न्यूयॉर्कमध्ये मडक्यांच्या उतरंडीसारख्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या इमारती उभ्या राहिल्या. एम्पायर स्टेट बिल्डिंग (१९३१) ही त्यांतलीच. तिचा आकार वास्तुशिल्पकाराने जितका ठरवला तितकाच या तिरप्या रेषेनेही ठरवला.

हीच रेषा आपल्याकडे त्याआधीच आलेली होती. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. चाळींच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग माजतो, म्हणून खोलीला उजेड किती मिळाला म्हणजे पुरे, हे ट्रस्टला आकड्यात बसवायचे होते. त्यातून ‘साडेत्रेसष्ट अंशांचा नियम’ आला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांतील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यानच दिले होते. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली तर तिचा क्षितिजाशी कोन ६३.५ अंशांहून अधिक असू नये. हा विचित्र आकडा कोठून आला? टॅनचे कोष्टक उघडा. ६३.५ अंशांचा टॅन जवळजवळ बरोबर दोन आहे. म्हणजे समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. न्यूयॉर्कचा ‘दोन पट’ विभाग आणि मुंबईचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम यांची भूमिती एकच आहे.

भूमिती एक असली तरी सूर्य एक नाही. समोरची इमारत दक्षिणेला आहे असे धरा. मध्यान्हीचा सूर्य ६३.५ अंशांच्या वर असेल तेव्हाच त्याचे ऊन तळमजल्याच्या पायाशी पोचेल. मुंबईत हे साधारण मार्चच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत घडते (मधल्या पावसाळ्यात ढगांची मेहेरबानी असेल तर!). न्यूयॉर्कमध्ये मात्र फक्त एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. हिवाळ्यात, जेव्हा तिथे उन्हाची खरी गरज, तेव्हा ते रस्त्यावर उतरतच नाही. मग न्यूयॉर्कच्या नियमाने साधले काय? थेट ऊन नव्हे, तर आकाशाचा तुकडा. ढगाळ दिवशी आकाशाचा जेवढा भाग खिडकीतून दिसतो त्या मानाने खोलीत उजेड येतो. तिरप्या रेषेने तो भाग राखला. दोन्ही शहरांनी एकच आकडा वापरला, पण त्यातून मिळालेली वस्तू वेगळी होती. नियमाचा आकडा एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना हे गणित करायला हवे.

कोन उजेड मोजतो. शहरात किती माणसे राहतील, हे तो सांगत नाही. १९१६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक भूखंड पूर्ण बांधला असता तर न्यूयॉर्कमध्ये साडेपाच कोटी लोक मावले असते, असा हिशेब पुढे निघाला. म्हणून १९६१ च्या नव्या नियमांत दुसरा आकडा मुख्य झाला, तो म्हणजे एकूण मजल्यांचे क्षेत्रफळ भागिले भूखंडाचे क्षेत्रफळ. आपल्याकडे याला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. मुंबईच्या १९९१ च्या नियमांत हा मूळ आकडा शहराच्या बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ होता. न्यूयॉर्कमध्ये तो दाट कचेऱ्यांच्या भागात १५ पर्यंत ठेवला गेला. शहरातील एकूण माणसांची मर्यादा या नियमांनी जवळजवळ १.२ कोटींवर आणली.

आता या आकड्याला निसर्गाचा आधार नाही. सूर्याचा उन्नतांश मोजता येतो. १५ का, १२ का नाही, हे माणसांनी ठरवायचे असते. तसे ठरवण्यात गैर काही नाही. पण त्याची किंमत कोणीतरी मोजतो. २०१६ साली झालेल्या एका पाहणीत असे आढळले की मॅनहॅटनमधील उभ्या इमारतींपैकी सुमारे ४० टक्के इमारती तेव्हाच्या नियमांप्रमाणे पुन्हा बांधताच आल्या नसत्या. १९१० साली मॅनहॅटनमध्ये २३ लाखांहून अधिक लोक राहत. २०२० च्या जनगणनेत ते १७ लाखांच्या आत होते. १९१० ची दाटी कोणालाही परत नको, त्या खोल्यांत क्षयाचे रोगी होते. तरी २०२३ च्या पाहणीत साऱ्या शहरातील भाड्याच्या शंभर घरांमागे रिकामे घर जेमतेम दीड होते. नोकरीसाठी नव्याने त्या शहरात जाणाऱ्या मुलाला हा १.४ टक्क्यांचा आकडा पहिल्याच आठवड्यात समजतो.

या टंचाईत आणखी एका आकड्याचा हात आहे, आणि भौतिकीच्या शिक्षकाला त्याचा खरा राग यावा. तो म्हणजे मोटारींसाठी सक्तीची जागा. १९५० पासून न्यूयॉर्कमध्ये नवी घरे बांधणाऱ्याने मोटारी उभ्या करण्याची जागाही ठेवावी, असा नियम आला. अमेरिकेतील बहुतेक शहरांत असेच नियम झाले. एक मोटार अडीच मीटर गुणिले पाच मीटर जागेत, म्हणजे साडेबारा चौरस मीटरमध्ये मावते. पण ती आत नेण्यासाठी, वळवण्यासाठी वाट लागते. ती धरली की एका मोटारीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. चाळीस घरांची इमारत घ्या, प्रत्येक घर ६० चौरस मीटरचे. दर घरी एक मोटार म्हटले तर माणसांसाठी २,४०० चौरस मीटर आणि मोटारींसाठी सुमारे १,२०० चौरस मीटर! ही जागा जमिनीवर दिली तर घरे कमी होतात. तळघरात दिली तर खोदाईचा खर्च घराच्या किमतीत चढतो, मग राहणाऱ्याकडे मोटार असो वा नसो. आणि मोटार दिवसातून धावते किती? सव्वा तास धावली तरी उरलेला सुमारे ९५ टक्के वेळ ती उभीच.

किती जागा ठेवावी, हा आकडा शहरांनी कोठून आणला? कॅलिफोर्नियातील प्राध्यापक डोनाल्ड शूप (१९३८–२०२५) यांनी आयुष्यभर याचा पाठपुरावा केला. २००५ साली त्यांचा यावर मोठा ग्रंथ निघाला. वाहतूक अभियंत्यांच्या एका पुस्तिकेत झटपट खाद्यपदार्थांच्या उपाहारगृहांसाठी दर हजार चौरस फुटांना ९.९५ जागा लागतात, असे छापले होते. आधार काय, तर १८ ठिकाणची मोजणी. त्यांतली सर्वांत कमी ३.५५ आणि सर्वांत जास्त १५.९२. आलेखावर हे अठरा बिंदू मूठभर तांदूळ उधळावेत तसे विखुरलेले आहेत, आणि त्यांतून सरळ रेषा ओढली आहे! रेषा बिंदूंना किती जुळते ते सांगणारा आकडा एक असेल तर जुळणी पूर्ण, शून्य असेल तर मुळीच नाही; इथे तो ०.०३८ होता. थोडक्यात, उपाहारगृहाच्या आकाराचा आणि मोटारींच्या संख्येचा संबंध जवळजवळ नव्हताच.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगवह्यांत विद्यार्थी गणकयंत्रावर दिसलेले सगळे दशांश उतरवून काढतात, आणि मी ते तांबड्या शाईने खोडतो. ज्या मोजणीत सात आणि बारा यांत फरक करता येत नाही तिचे उत्तर ९.९५ असे लिहायचे नसते. शिवाय अशी मोजणी बहुधा उपनगरांत, जिथे मोटार फुकट उभी करता येते आणि बस मिळत नाही, अशा ठिकाणी केलेली. फुकट वस्तूला मागणी किती आहे ते मोजायचे, तेवढी वस्तू सर्वांनी द्यावी असा कायदा करायचा, म्हणजे ती फुकटच राहते आणि पुढच्या मोजणीत मागणी पुन्हा भरपूर दिसते. ध्वनिक्षेपकाचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की जशी किंकाळी उठते, तसाच हा प्रकार.

मॅनहॅटनच्या मध्य आणि दक्षिण भागात ही सक्ती १९८२ मध्येच उठवली गेली, तीही घरांसाठी नव्हे, तर हवेतील मोटारींचा धूर कमी व्हावा म्हणून. साऱ्या शहरातून ती काढण्याचा प्रस्ताव आला तो अगदी अलीकडे. डिसेंबर २०२४ मध्ये नगर परिषदेने तडजोड केली: शहराचे तीन पट्टे, एकात सक्ती पूर्ण रद्द, दुसऱ्यात कमी, आणि आगगाडीपासून दूरच्या तिसऱ्यात ती कायम. या आणि सोबतच्या बदलांनी १५ वर्षांत सुमारे ८०,००० जादा घरे होतील, असा अंदाज तेव्हा मांडला गेला.

राहिला पाट्यांचा प्रश्न. जाहिरातींच्या पाट्यांनाही झोनिंगचे नियम असतात, बहुतेक ठिकाणी त्या लहान आणि मंद ठेवा असे सांगणारे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर चौकात मात्र १९८७ साली नेमका उलटा नियम झाला. नव्या कचेऱ्यांच्या इमारतींनी चौक निस्तेज होईल या भीतीने तिथे झगझगीत पाट्या लावणे सक्तीचे केले. झगझगीत म्हणजे किती? त्यासाठी चक्क नवे एकक निघाले, ‘लट्स’. चौकाच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाच्या धर्तीवर केलेल्या साधनाने पाटी तपासायची. एका चौकापुरते असलेले प्रकाशाचे एकक माझ्या माहितीत दुसरे नाही.

पण जुनी पाटी राखावी की नाही, हे कोणत्या मापकाने मोजणार? मॅनहॅटनसमोर, ईस्ट नदीच्या पलीकडे पेप्सी-कोलाच्या बाटल्या भरण्याचा कारखाना होता. १९४० च्या सुमारास त्याच्या छपरावर तांबड्या निऑन अक्षरांची प्रचंड पाटी चढली. वाऱ्यावादळाने मोडल्यावर १९९३ मध्ये ती बरीचशी नव्याने घडवली गेली. पुढे कारखाना गेला, त्या किनाऱ्यावर घरांचे उंच मनोरे उभे राहिले आणि पाटी नदीकाठच्या उद्यानात जमिनीवर आली. तिला संरक्षण द्यावे का, हा विषय शहराच्या वारसा आयोगापुढे १९८८ साली आला होता. निर्णय झाला एप्रिल २०१६ मध्ये, संरक्षण देण्याचा. छप्पर गेले, कारखाना गेला, नळ्याही बऱ्याचशा बदलल्या, मग राखले ते नेमके काय? एका शनिवारच्या शेवटच्या तासाला वर्गात दोन पक्ष करून यावर वाद घालून पाहा. फळ्यावर सूत्र लिहून तो मिटणार नाही.