न सांगता गेलेला मुनीम

सांगलीला आमच्या नात्यातल्या एक काकू फराळाचे जिन्नस करून विकतात. पूर्वी हा व्यवहार गल्लीपुरता होता. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्या भाच्याने इंटरनेटवर त्यांचे छोटेसे दुकान थाटून दिले आणि मडगाव, बेळगाव, बंगळूरहूनही चिवड्याला मागणी येऊ लागली. २०२५ चा दसरा होऊन आठवडा झाला होता. घरात भाजणीचा वास दरवळत होता आणि दिवाळीच्या ऑर्डरींची रांग लागली होती. तेवढ्यात ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले.

"वहिनी, चिवडा नेहमीसारखा झकास. पण पावतीवर बारा टक्के कर कसा? घटस्थापनेपासून तो पाच टक्के झाला ना?"

काकू गोंधळल्या. कर त्या स्वतः कधी लावतच नसत. "ते कॉम्प्युटर करतो," एवढेच त्यांना ठाऊक. भाच्याने संध्याकाळी येऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. कर लावणारा कॉम्प्युटरमधला तो मुनीम काही महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता. वही मात्र गादीवर तशीच उघडी होती आणि तीत जुन्याच दराने आकडे पडत होते.

हा मुनीम म्हणजे 'प्लगइन'. इंटरनेटवरच्या दुकानाची मूळ प्रणाली एका कंपनीची असते. तिला गरजेप्रमाणे छोटे तयार कार्यक्रम जोडायचे असतात. एक पैसे स्वीकारतो, एक टपालखर्च काढतो, एक कर लावतो. वर्डप्रेस या लोकप्रिय प्रणालीच्या अधिकृत यादीत असे पन्नास हजारांहून अधिक प्लगइन फुकट मिळतात. ते करणारे कधी मोठी कंपनी असतात, तर कधी फावल्या वेळात काम करणारा एखादा तरुण.

कर लावणे हे काम वाटते तितके सोपे नाही. आपल्यापैकी अनेकांनी जकात नाक्यावरच्या रांगा आणि विक्रीकराची खाती पाहिली आहेत. महाराष्ट्रात २००५ मध्ये व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. एरवी मालाच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा म्हटले की, काही ठरावीक अपवाद वगळता, उलाढाल कितीही छोटी असली तरी नोंदणी हवीच. म्हणून घरच्या ओट्यावर चकल्या तळणाऱ्या बाईंनाही जीएसटीचा पंधरा अक्षरी क्रमांक घ्यावा लागतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०.

माल महाराष्ट्रातच गेला तर कराचे दोन सारखे भाग पडतात, एक केंद्राचा, एक राज्याचा. तोच डबा मडगावला गेला तर 'एकात्मिक' कर एकाच ओळीत लागतो. शिवाय प्रत्येक जिन्नसाचा दर निराळा. प्लगइन हे सगळे क्षणात पाहतो आणि पावती काढतो.

मग असा उपयोगी मुनीम जातो का? कारणे साधी आहेत. फुकट काम करणाऱ्याला नोकरी लागते, संसार वाढतो. कधी लहान कंपनी मोठीच्या पोटात जाते आणि मोठीला जुने गिऱ्हाईक सांभाळण्यात रस नसतो. करासारख्या विषयात तर दर अर्थसंकल्पानंतर दुरुस्ती करत बसावे लागते. एक दिवस निरोपाची ई-मेल येते. काकूंनाही आली होती. इंग्रजीत, पन्नास जाहिरातींच्या गर्दीत. यादीतून एखादा प्लगइन काढून टाकला तरी ज्या दुकानांत तो आधीच बसवलेला आहे तिथे तो चालूच राहतो, आणि वर्डप्रेस त्या दुकानदाराला तसे आपणहून कळवत नाही.

अशा वेळी तीन प्रकार होऊ शकतात. काही प्लगइन दर विचारण्यासाठी दरवेळी आपल्या कंपनीच्या यंत्राकडे जातात. ते यंत्र बंद झाले की पावती अडते किंवा कर शून्य लागतो. दुसऱ्या प्रकारात मूळ प्रणालीची नवी आवृत्ती येते, जुन्या प्लगइनचे तिच्याशी जमत नाही आणि अख्खे दुकानच कोरे पडते. हे दोन्ही त्रासाचे खरे, पण निदान लगेच कळतात. तिसरा प्रकार काकूंचा. दराचा तक्ता दुकानातच साठवलेला, त्यामुळे सगळे सुरळीत दिसते. फक्त तक्ता कालचा असतो.

जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी दरांची मोठी फेररचना केली आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमके घटस्थापनेला, ती लागू झाली. फरसाण, चिवडा, तूप यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. लाडवांसारख्या मिठाईवर आधीपासूनच ५ टक्के होता. त्यामुळे काकूंच्या पावतीतली लाडवांची ओळ बरोबर आणि चिवड्याची चूक. अर्धी बरोबर असलेली पावती कोण तपासतो?

किलोभर चिवड्याची किंमत करासह ५६० रुपये होती. ५०० मालाचे आणि ६० कराचे. नव्या दराने कर २५ रुपये, म्हणजे डबा ५२५ ला जायला हवा होता. डब्यामागे ३५ रुपये जास्त घेतले गेले. सत्तर-पंचाहत्तर पावत्या निघाल्या. रक्कम तीन हजारांच्या आतली. काकूंना वाटले, एवढ्या-तेवढ्यासाठी कोण तक्रार करणार? पण काकांनी करसल्लागारांना फोन लावला.

"काकू, कर म्हणून घेतलेला पैसा आपला नसतो," ते म्हणाले. "तो गिऱ्हाइकाचा, नाहीतर सरकारचा. घरात ठेवता येत नाही."

कायदा तेच सांगतो. कर म्हणून जे वसूल केले ते सरकारजमा करायला हवे, मग मुळात तेवढा कर लागत असो वा नसो. किंवा क्रेडिट नोट काढून जादा रक्कम गिऱ्हाइकाला परत द्यावी. प्लगइन कोणी केला, कोणी बंद केला याच्याशी कर खात्याला कर्तव्य नाही. पावतीवर नाव काकूंचे आहे. सुदैवाने तिमाहीचे विवरणपत्र अजून जायचे होते. ऐन दिवाळीच्या धांदलीत दोन रात्री बसून काकूंनी एकेका गिऱ्हाइकाला निरोप धाडला आणि ३५-३५ रुपये परत केले. कित्येकांनी "राहू द्या हो" म्हटले. काकूंनी राहू दिले नाही.

पुढचे काम त्याहून चमत्कारिक निघाले. भाच्याने मूळ प्रणालीतच कराचा तक्ता हाताने भरला. एका दरासाठी तीनच ओळी लागल्या. महाराष्ट्रासाठी अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन, उरलेल्या देशासाठी पाच टक्क्यांची एक. ज्या मुनिमावाचून आपले दुकान बसेल असे काकूंना वाटत होते, त्याचे हिशेबाचे काम एवढेच होते! अवघड होते ते जुने दप्तर. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, आणि काकूंच्या जुन्या पावत्या त्या प्लगइनच्या पोटात होत्या. तो काढून टाकण्याआधी त्या सगळ्या बाहेर काढून घेतल्या. पावत्यांचा क्रमही सलग राहायला हवा, म्हणून शेवटचा क्रमांक कागदावर टिपून ठेवला.

आज घरोघरी कोणी मसाले विकते, कोणी साड्या, कोणी मातीचे गणपती. दुकान मुलगा किंवा भाचा लावून देतो आणि नोकरीसाठी परगावी जातो. मागे राहिलेल्यांना सगळे आपोआप होते असे वाटते. त्यांनी निदान एवढे विचारून ठेवावे : आपल्या दुकानाला काय काय जोडले आहे, ते कोण सांभाळते, त्याची शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि उद्या ते बंद पडले तर आपल्या पावत्या कुठे असतील? उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.

काकूंनी आता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या एक तारखेला बारीक अक्षरात 'कर' असे लिहिले आहे. त्या दिवशी त्या स्वतःच्याच दुकानातून एक सांगलीची आणि एक मडगावची अशा दोन लटक्या ऑर्डरी देऊन पाहतात, समोर आलेला कर पेन्सिलीने पडताळतात आणि मगच गॅसवर कढई चढवतात.