आरएस, फुल लोडेड की साधी १.४?

जुनी ऑक्टाव्हिया घ्यायचं ठरलं की छत्रपती संभाजीनगरात मित्रमंडळींचे दोन तट पडतात. एका तटाला सगळं असलेली गाडी हवी असते: लेदर सीट, पॅनोरमिक सनरूफ, ऑटोमॅटिक गिअर. दुसऱ्याला यातलं काहीच नको, फक्त इंजिन हवं. टपरीवर हा वाद तासभर सहज चालतो. वाद घालणाऱ्यांपैकी कुणाचा तरी मेहुणा किंवा शेजारी शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात असतो, आणि ज्या गाडीवरून एवढं चाललंय तिचे बोल्ट त्यानंच आवळलेले असण्याची शक्यता असते. दुसऱ्या शहरांत ही सोय नाही.

जालना रोडवर चिकलठाण्याचा विमानतळ मागे टाकला की शेंद्रा एमआयडीसी लागते. स्कोडानं इथे २००१ साली ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. सुटे भाग चेक प्रजासत्ताकातून यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. पुढे लॉरा (ऑक्टाव्हियाचीच पुढची पिढी), सुपर्ब आणि त्याच समूहातल्या ऑडी, फोक्सवॅगनच्या मोठ्या गाड्याही याच छपराखाली जोडल्या गेल्या. (अशा आयात मालाला सुटे भाग म्हणायचं की मोडून आणलेली अख्खी गाडी, यावरून २०२४ मध्ये कंपनीला तब्बल १.४ अब्ज डॉलरची करनोटीस आली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जुळणी हा दिसतो तितका सरळ शब्द नाही.) ऑक्टाव्हिया येईपर्यंत हे शहर वाहनउद्योगात ओळखलं जायचं ते वाळूजच्या बजाजमुळे, म्हणजे दुचाकी-तीनचाकीमुळे. ती आली आणि हौसेची भूक वाढली. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-डॉक्टरांनी एकत्र येऊन एकाच दिवशी सुमारे ६५ कोटींच्या दीडशे मर्सिडीज घेतल्या, ती बातमी देशभर गाजली. अशा गावात जुन्या गाड्यांचा बाजारही तब्येतीचा असणार, हे ओघानं आलं.

ऑक्टाव्हिया हॅचबॅक आहे का, यावर शुद्धतावादी भांडतील. मागून ती सेदान दिसते, पण डिकी उघडताना काचेसकट अख्खं पाचवं दार वर जातं आणि मागचं सीट पाडलं तर कपाट आडवं घालता येईल एवढी जागा होते. मी तिला हॅचबॅकच्याच रांगेत बसवतो. आरएस बिल्ला लागला की ती गरम हॅचबॅक.

या बिल्ल्याचा कुळाचार मात्र सनरूफवाल्यांना रुचणारा नाही. स्कोडाची १३० आरएस ही १९७५ ची रॅली गाडी. तिचं छप्पर, दारं, बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं, मडगार्ड फायबरचे. १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत तिनं आपल्या गटात पहिले दोन क्रमांक घेतले. आधी वजन काढा, मग ताकदीचं बघू, हा तिचा धर्म. २००० साली ऑक्टाव्हियाला हा बिल्ला मिळाला तेव्हा युरोपात तिचं १.८ टर्बो इंजिन १८० अश्वशक्तीचं होतं. भारतात २००४ साली आरएस आली ती १५० ची. तरीही ती देशातली पहिली टर्बो-पेट्रोल कार, असं कंपनी अभिमानानं सांगते. २०११ मध्ये लॉरा आरएस आली. तिच्यात नेहमीच्या लॉराचंच १६० अश्वशक्तीचं इंजिन होतं, वर बिल्ला आणि कपडे वेगळे. भारतीय गिऱ्हाइकाला पहिल्या दोन खेपेला आरएसचा पोशाख मिळाला, पूर्ण ताकद नाही. ती मिळाली २०१७ मध्ये: २.० टीएसआय, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क, शून्यापासून शंभरचा वेग ६.८ सेकंदांत, किंमत २४ लाख ६२ हजार. तिची जुळणी शेंद्र्यातच झाली. त्यानंतरची २४५ अश्वशक्तीची आरएस २०२० मध्ये आली ती अख्खी बाहेरून, फक्त २०० गाड्या, ३५ लाख ९९ हजारांना. २०२५ च्या ऑक्टोबरात आलेल्या २६५ अश्वशक्तीच्या आरएसच्या तर शंभरच गाड्या होत्या, किंमत ४९ लाख ९९ हजार, आणि त्या बुकिंग उघडल्यावर वीसेक मिनिटांत संपल्या. तेव्हापासून २०१७ च्या गाडीच्या मालकांची मान जरा ताठ झालीय, आणि विकायला काढली तर भावही.

आता सोललेल्या, म्हणजे आतलं सामान काढून हलक्या केलेल्या गाडीकडे येऊ, कारण दुसऱ्या तटाच्या डोक्यात तीच असते. जगात अशा गाड्या कंपन्यांनीच करून विकल्या आहेत. रेनोनं २००८ मध्ये मेगान आर२६.आर काढली. मागचं सीट काढलं, मागच्या काचा पॉलिकार्बोनेटच्या, बॉनेट कार्बनचं. एवढं करून १२३ किलो वजन कमी झालं आणि जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर तिनं ८ मिनिटं १७ सेकंदांची फेरी मारली. फोक्सवॅगननं २०१६ मध्ये गोल्फ जीटीआय क्लबस्पोर्ट एस आणली: ३१० अश्वशक्ती, मागचं सीट गायब, जगभरासाठी ४०० गाड्या. तिकडे जुन्या बाजारात खरोखर असा पेच पडतो, की पाच जणांची नेहमीची गाडी घ्यावी की दोघांची सोललेली. महाराष्ट्रातलंच उदाहरण म्हणजे फोक्सवॅगनची पोलो. चाकणला पोलो बनायला लागली आणि २०१० मध्ये पोलो कप सुरू झाला. त्यातल्या पोलोंना आत एकच सीट, भोवती लोखंडी पिंजरा, १.६ डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचं. २०१२ पासून १.४ टीएसआय १८० चं. मात्र या शर्यतीच्या गाड्या. त्यांना नंबर प्लेट नाही, त्या ट्रेलरवरून जायच्या आणि यायच्या.

आपल्याकडे कारखान्यातून सोललेली, पासिंग होणारी गरम हॅचबॅक कुणी विकली नाही. म्हणून हौशी मंडळी ती घरी करायला जातात, आणि तिथेच फसतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. आरसीवर आसनक्षमता पाच लिहिलेली असते. मागचं सीट काढून ठेवलेली एमएच-२० गाडी आरटीओत ट्रान्सफरला नेली तर साहेब हा पहिला प्रश्न विचारतील, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दुसरा.

कायदा बाजूला ठेवला तरी मराठवाड्याचा उन्हाळा बाजूला ठेवता येत नाही. सोलणारे लोक कार्पेटखालचं जाड नमदं आणि दारातलं डॅम्पिंग काढतात. त्यानं गाडी हलकी होते, शिवाय 'रॉ' वाटते म्हणे. मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर असताना सायलेन्सरच्या बोगद्यातून येणारी धग थेट पायाला लागते आणि एसी हरतो. स्पेअर चाक काढून वाचवलेले पंधरा-वीस किलो कन्नडच्या घाटाकडे जाताना पंक्चर झाल्यावर फार महाग पडतात.

म्हणून इथे निवड प्रत्यक्षात तीन गाड्यांत होते आणि तिन्ही २०१३ ते २०२० या काळातल्या एकाच पिढीच्या. पहिली, वरच्या मॉडेलची १.८ टीएसआय: १८० अश्वशक्ती, सनरूफ, सगळा थाट. दुसरी, आरएस २३०. तिसरी, जिच्याकडे कुणी बघत नाही ती १.४ टीएसआय मॅन्युअल, हीच आपल्या वाट्याची सोललेली ऑक्टाव्हिया.

टपरीवरचा वाद सीट आणि सनरूफवर अडतो. खरा फरक गिअरबॉक्समध्ये आहे. १.८ ला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, ज्याचे दोन्ही क्लच कोरडे. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच टॉर्क झेलतो, आणि या इंजिनाचा टॉर्क भारतात बरोबर २५० आहे. हा योगायोग नव्हे. युरोपातल्या फोर-व्हील-ड्राइव्ह ऑक्टाव्हियात हेच इंजिन सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजीला जोडलं, तिथे टॉर्क २८० होता. म्हणजे इंजिनाला दम आहे, त्याचा गळा गिअरबॉक्सनं धरलाय. कोरड्या क्लचला तेलाचा थंडावा मिळत नाही. क्रांती चौक ते सेव्हन हिल्स संध्याकाळी सहाला गाडी रांगत नेली की क्लच अर्धवट धरत-सोडत राहतो, तापतो, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके देऊ लागतो. गिअर हलवणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर बिल पाहून घरात शांतता पसरते.

तरीही लोक १.८ घेतात आणि रिमॅप करून आरएस बनवतो म्हणतात. लॅपटॉप लावला, अर्ध्या तासात चाळीस अश्वशक्ती वाढली. वाढलेला टॉर्क जातो कुठे? त्याच कोरड्या क्लचवर. रिमॅप केलेली १.८ विकायला आली असेल तर मालकानं नंतर मूळ प्रोग्रॅम परत टाकलेला असतो आणि गाडी सालस दिसते. तुम्ही फक्त गिअरबॉक्सचं उरलेलं आयुष्य विकत घेता.

आरएस २३० मध्ये सहा गिअरचा ओला डीएसजी आहे, क्लच तेलात बुडालेले. तो ३५० न्यूटन-मीटरसाठी बांधलेला आणि गर्दीत कितीतरी सोशिक. अट एकच, साधारण ६० हजार किलोमीटरला त्याचं तेल आणि फिल्टर बदललेलं हवं. बिलाच्या फायलीत ही एक ओळ सापडली नाही तर मी गाडीभोवती दुसरी फेरी मारत नाही. आरएसची खरी कुरकुर वेगळी आहे: ती खाली बसते. आपल्या कॉलन्यांमधले स्पीडब्रेकर कुठल्या प्रमाणानं घातलेत देव जाणे, चार माणसं बसली की पोट घासतं.

आणि १.४ मॅन्युअल? इंजिन १४० अश्वशक्तीचं, नंतर १५० चं, टॉर्क १.८ इतकाच २५०, सहा गिअर हातानं टाकायचे. नाक हलकं, क्लच साधा; झिजला तर इथला कुठलाही चांगला मेकॅनिक बदलतो. मागचं सस्पेन्शन साध्या बीमचं आहे, १.८ आणि आरएससारखं मल्टि-लिंक नाही, त्यामुळे खराब वळणावर मागची बाजू थोडी उडते. खुलताबादच्या घाटात हा फरक कळतो, समृद्धी महामार्गावर कळत नाही. समृद्धीवर तसाही १२० चा वेग बांधलेला आहे आणि तो १.४ तिसऱ्या-चौथ्या गिअरात गाठते. मग २३० घोडे हवेत कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर हौस एवढंच आहे, आणि हौसेला कारण मागू नये.

गाडी बघायला जाल तर सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करू नका. १.८ आणि २.० ला टायमिंग चेन आहे, १.४ ला बेल्ट. थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद साखळी डब्यात हलवल्यासारखा खळखळाट आला तर चेनचा टेन्शनर संशयित. हे दुखणं लॉराच्या काळातल्या १.८ मध्ये जास्त, तेल पिण्याची खोडही तिचीच. या पिढीत दोन्ही बरंच सुधारलं. हिच्यात कूलंट बघा. पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिक घर गळतं, इंजिनाच्या बाजूला गुलाबी-पांढरी खपली धरते आणि गोडसर वास येतो. मग पाचवं दार वर करा, कार्पेट उचला, स्पेअर चाक बाहेर काढा. खालचा पत्रा, त्याच्या कडेचं सीलंट दोन्ही बाजूंना सारखं दिसलं पाहिजे. एका बाजूला बोटानं फासलेलं वाटलं तर गाडी मागून ठोकलेली आहे, मालक काहीही सांगो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. चार टायर चार सालांचे असतील तर गाडी कशी पोसली गेली तेही कळतं. शेवटी स्कॅनर लावा आणि फॉल्ट कोड कधी पुसले ते बघा. काल पुसले असतील तर का, हे विचारायला लाजू नका.

पेट्रोलचं एक विचित्र आहे. या टर्बो इंजिनांना ९५ ऑक्टेन हवं आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं ९१ मिळालं, म्हणून आरएसवाले महागडं पेट्रोल शोधत हिंडायचे. आता पंपावरच्या ई-२० चं ऑक्टेन ९५ च्या घरात आहे, पण त्यात वीस टक्के इथेनॉल आहे आणि २०१७ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. रबरी नळ्या आणि फ्युएल पंप तपासून घ्या.

२००४ ची पहिली आरएस मनात असेल तर तिची गोष्ट निराळी. तिची पंधरा वर्षं २०१९ ला भरली, म्हणजे नूतनीकरण, फिटनेस, ग्रीन टॅक्स आलाच. २०२२ मध्ये नूतनीकरणाची फीच ५ हजार झाली, आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला ती १० हजार आहे. ती रोज चालवायची गाडी नव्हे. दुसरी गाडी दारात असेल तर घ्या.

रोजच्या वापरात माझा कौल १.४ मॅन्युअलला, आणि फाइल पूर्ण असेल तर पैसे साठवून आरएस २३० ला. सनरूफवाली १.८ मी घेणार नाही. सासऱ्यांनी भेट दिली तर गोष्ट वेगळी. २३० घरी आणलीत तर त्याच आठवड्यात गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलून टाका, आधीच्या मालकानं बदललंय म्हणाला तरी. आणि घरी नेताना सोसायटीच्या फाटकातला ब्रेकर तिरका घ्या, एका वेळी एक चाक.