दूध, पितळी पातेलं आणि बाळाचं लिव्हर



उसाचं पान पिवळं पडलं की आपण त्याच दिवशी गटऑफिस गाठतो. पण घरातल्या लेकराचे डोळे पिवळे दिसले, पोट वाढलं, तर 'दृष्ट लागली असेल, होईल बरं' म्हणून पंधरा-पंधरा दिवस घालवतो. म्हणून या अंकात उसाची गोष्ट बाजूला ठेवून लेकरांच्या पोटाविषयी लिहावं असं आम्ही ठरवलं.

जुन्या मंडळींना आठवत असेल. एक-दोन वर्षांचं चांगलं पोर किरकिर करू लागायचं. भूक मंदावायची, पोट फुगायचं, उजव्या बरगडीखाली लिव्हर दगडासारखं हाताला लागायचं. पुढं कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत सारं संपायचं. एकाच घरात दोन-दोन मुलं जायची. मग लोक घराण्याला शाप आहे म्हणायचे. वैद्यकात या रोगाची नोंद १८८७ सालापासून आहे, पण कारण पुढं जवळजवळ शंभर वर्षं सापडलं नव्हतं.

ते शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर अशा मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं बेसुमार साठलेलं होतं. ते आलं कुठून? घरच्यांकडे चौकशी केली तेव्हा धागा सापडला. वरचं दूध लवकर सुरू झालेलं, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं नि ठेवलेलं. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बिनकल्हईच्या भांड्यात दूध ठेवलं की त्यातलं प्रथिन तांबं ओढून घेतं. जादा तांबं लिव्हर पित्तावाटे बाहेर टाकतं, पण तान्ह्याच्या लिव्हरला ते काम अजून पुरतं जमत नाही. सगळ्याच मुलांना हा रोग होत नसे. अंगच्या काही आनुवंशिक दोषाचाही त्यात हात असावा. हे फक्त आपल्याकडंच घडलं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टायरॉल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच तऱ्हेनं १३८ बाळं गेली. तिथंही दूध तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यातच तापवत. दोन्हीकडं भांडी बदलली आणि रोग जवळजवळ दिसेनासा झाला.

मग आज हे कशाला उकरून काढायचं? आपल्यापैकी कित्येकांची मुलं नोकरीपायी ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याणला राहतात. तिकडंही आणि गावीही तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेनं घेतली जाताहेत. सून नातवाला घेऊन सुटीला आली की आजीही माळ्यावरचं पातेलं काढून देते. हौसेला आमची हरकत नाही. पण कल्हईवाला पूर्वी दारावर यायचा, ठाकुर्लीच्या चौथ्या मजल्यावर तो कुठून येणार? तेव्हा बाळाचं दूध स्टीलच्याच भांड्यात तापवा. दही, ताक, लिंबू, चिंच यांनाही बिनकल्हईचं भांडं नको. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा तर सगळ्यात बिनखर्चाचा विमा.

आता नेहमीच्या तक्रारी. पोराला जुलाब लागले तर अंगातलं पाणी आटणं हाच खरा धोका. ओ.आर.एस.ची पुडी मिळाली तर उत्तम. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा. साखर आपल्या कारखान्याची, म्हणून सढळ हातानं घालू नका! ठरल्या मापात ती आतड्याला मीठ नि पाणी शोषायला मदत करते. जादा झाली तर जुलाब वाढतात. जादा मीठ तर धोक्याचंच. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. सोबत जस्ताच्या गोळ्या किती द्यायच्या ते डॉक्टरांना विचारा. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, लघवी बंद, गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

नवजात बाळाची कावीळ चौदा दिवसांनंतरही राहिली आणि शी पांढुरकी होत असेल, तर एक दिवसही थांबू नका. पित्ताची वाट बंद असू शकते, आणि तिची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची आशा जास्त असते. गळ्यातली माळ किंवा पोटावरचे चटके ही वाट उघडत नाहीत. त्यात जातात ते फक्त मोलाचे दिवस.

माता-भगिनींनी हा मजकूर वाचावा, बंधूंनी तो घरात वाचून दाखवावा आणि शहरातल्या मुला-सुनांनाही कळवावा, ही आमची विनंती. खोडवा बिघडला तर पुढच्या हंगामात नवी लागण करता येते. लेकराच्या बाबतीत तसं नाही.