मामावर गेलेले डोके

डोक्यावरचे केस जातात त्याचे कोणी सुतक पाळत नाही. नोकरी गेली, ठरलेले लग्न मोडले, तर चार माणसे घरी येऊन बसतात, निदान आवाज खाली आणून बोलतात. चोविसाव्या वर्षी मुलाचे कपाळ मागे सरकू लागले, की मात्र घरातल्या, शेजारच्या आणि ऑफिसातल्या प्रत्येकाला विनोदाचा परवाना मिळतो. शिवाय ज्याचे केस गेले त्याने त्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसावे अशी अपेक्षा असते. साठीतले टक्कल हा वयाचा हिशेब झाला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. चोविशीतले टक्कल निराळे. मुलाखतीला जायचे, मुली पाहायच्या, जगापुढे पहिल्यांदा स्वतःच्या नावाने उभे राहायचे, नेमक्या त्याच वर्षांत ते येते.

माझे आले ते १९८४ साली. एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी म्हणून लागून मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाखेत रुजू झालो होतो. तिथल्या सलूनवाल्याने केस कापून झाल्यावर रिवाजाप्रमाणे डोक्यामागे दुसरा आरसा धरला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, टाळूवर जरा विरळ झालेत." स्वतःची टाळू माणसाला कधी दिसत नाही. ती गावाला आधी दिसते.

दिवाळीला साताऱ्याला घरी गेलो, तेव्हा आईने एका नजरेत निदान केले. "तिकडचं पाणी." पाणी मचूळ होते हे खरे, पण शाखेतले उरलेले चौदा जण त्याच पाण्याने न्हात होते आणि आमच्या शिपायाच्या केसांत तर फणी अडकत असे. मग माक्याचे तेल झाले, जास्वंदीचे झाले, कांद्याचा रस झाला. (काउंटरवर बसणाऱ्या माणसाने कांद्याचा रस लावून बँकेत जाऊ नये, एवढेच सांगतो.) शेवटी गोटा करायचा सल्ला आला. गोटा केला की केस दाट येतात ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. केसाचे मूळ कातडीच्या आत असते आणि वस्तरा फिरतो कातडीवर, त्यामुळे मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. कापलेले टोक बोथट असते म्हणून नवे केस हाताला राठ लागतात, बस.

वडिलांचे केस सत्तरीतही दाट होते. त्यामुळे आत्याने दोष सरळ आमच्या आजोळच्या खात्यावर टाकला. "मामावर गेलाय." मामांना तिशीतच टक्कल पडले होते. पुढे या विषयावर थोडे वाचले, तेव्हा आत्याचे म्हणणे निम्मे तरी बरोबर निघाले. पुरुषी संप्रेरकाला केसाच्या मुळाने किती दाद द्यायची, हे ठरवणारे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते. उरलेले निम्मे आत्याला माहीत नव्हते. याखेरीज इतर बरीच जनुके यात हात घालतात आणि ती दोन्ही घरांकडून येतात. म्हणून तर सख्ख्या दोन भावांत एकाला टक्कल पडते आणि दुसरा साठीत भांग पाडून फिरतो.

संप्रेरकाचा हा संबंध जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिला. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही असे त्याला आढळले. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. या टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचे आणखी जोरकस संप्रेरक बनते. कपाळ आणि टाळू इथली मुळे त्याच्यापुढे हळूहळू आकसतात. प्रत्येक फेरीला केस आधीपेक्षा बारीक आणि अल्पायुषी येतो, आणि शेवटी नुसती लव उरते. म्हणजे टक्कल पडणारा मुलगा उशीवरचे केस मोजत बसतो, ते चुकीच्या वहीत जमाखर्च मांडणे आहे. दिवसाला पन्नास ते शंभर केस कोणाचेही गळतात. पाहायचे असते ते नवा केस किती जाडीचा येतो आहे ते. बोअरचे पाणी, हेल्मेट, रात्रीचे जागरण, डोक्याला तेल न लावणे, यांपैकी कोणीही या कामात गुन्हेगार नाही.

प्रत्येक केसगळती मात्र या जातीची नसते. टायफॉइड, डेंग्यू, कोविड अशा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस जातात आणि बहुधा परत येतात. चाई पडते ती निराळी, तिथे शरीराची संरक्षक यंत्रणाच मुळांवर उलटते. आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात घडले ते तर आणखी निराळे. काही गावांत माणसांचे, बायकांचे, पोरांचे केस अवघ्या काही दिवसांत हातात येऊ लागले. पाण्याचे नमुने घेतले, आयसीएमआरचे पथक आले, शरीरातल्या वाढलेल्या सेलेनियमची चर्चा झाली. त्या आठवड्यात साऱ्या महाराष्ट्राला एकदम कळले, की केस जाणे ही भेदरून जाण्यासारखी गोष्ट असू शकते. अनेक डोकी एकदम उघडी पडली, म्हणून ती बातमी झाली.

एकट्या पोराचे काय होते ते मी बँकेत पाहिले. आमच्या शाखेत तिशीतला एक सहकारी होता. डाव्या कानावरचे केस वाढवून ते टाळूवरून उजव्या कानापर्यंत नेण्याची कला त्याला साधली होती. ही युक्ती जुनी आहे. ज्यूलियस सीझर मागचे विरळ केस पुढे ओढीत असे, आणि रोमने दिलेल्या सगळ्या मानांत डोक्यावर कायम पानांचा मुकुट घालण्याचा मान त्याला सर्वात प्रिय होता, असे त्याचा चरित्रकार सुएटोनियस लिहून गेला आहे. आमच्या सहकाऱ्याला मुकुट कोण देणार? त्याने पंख्यापासून सर्वात लांबचे टेबल मागून घेतले होते. परभणीचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना याचा अर्थ कळेल. घामाने लेजरची पाने भिजत, पण माणूस पंख्याखाली येत नसे. शाखेची सहल नदीकाठी निघाली, तेव्हा त्याच्या पोटात दुखू लागले. सगळे हसले. दोन वर्षे तो माझ्या शेजारी बसला, पण या एका विषयावर आमच्यात कधी शब्द निघाला नाही.

लग्नाच्या बाजारात मुलाचे टक्कल वयात धरले जाते. "मुलगा चांगला आहे, पण मोठा वाटतो," असा निरोप मध्यस्थ आणतो. वडिलांनी एका स्थळाला माझा कॉलेजातला फोटो पाठवला होता. मुलीचे वडील आधी फोटोकडे, मग माझ्याकडे आणि पुन्हा फोटोकडे पाहू लागले. कॅशियर चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहतो, तसे. सही जुळली नाही. कांदेपोहे चांगले झाले होते. पुढच्या वेळी मी परभणीतल्या स्टुडिओत नवा फोटो काढून घेतला. फोटोग्राफर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून कपाळ भरून द्यायला तयार होता. मी नको म्हणालो, आणि त्याच फोटोवर माझे लग्न जमले. एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे. आमच्या पिढीतल्या मुलींचा रंग, उंची, दात, चष्मा, चालणे, सगळे काही त्याच दिवाणखान्यात तपासले जात होते, आणि तो तपास करणाऱ्या घरांतल्याच मुलांना एका नकाराने महिना-महिना झोप येत नसे. तो नकार खोटा नव्हता. पण मुलींनी असे किती पचवले, याचा हिशेब कुठल्या वहीत नाही.

हे सारे आठवायला कारण शेजारचा मुलगा. वय चोवीस, हिंजवडीला नोकरी. मागच्या महिन्यात आला आणि दार लोटून घेत म्हणाला, "काका, पर्सनल लोनचा व्याजदर आता किती असतो हो?" हातात केशरोपणाच्या दुकानाचे माहितीपत्रक होते, मासिक हप्त्यांच्या कोष्टकासह. "ऑफिसच्या मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवतो," म्हणाला. मला पंख्यापासून लांबचे ते टेबल आठवले.

कर्जाचे नंतर पाहू, आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊ, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले. डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला सांगितले आणि मग शांतपणे समजावले. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले, तेव्हा ते डोक्याला लावायच्या रूपात आले. अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये परवानगी मिळाली. फिनास्टेराइड ही प्रोस्टेटच्या वाढीवरची गोळी. डीएचटी बनणेच ती कमी करते, आणि १९९७ पासून टकलासाठी कमी मात्रेत दिली जाते. काहींना तिने कामेच्छा मंदावण्याचा वगैरे त्रास होतो, म्हणून मित्राने सांगितली आणि दुकानातून आणली असे करायचे नाही. दोन्हींचा गुण यायला काही महिने लागतात आणि दोन्ही थांबवली, की राखलेले पुन्हा जाते. भाड्याच्या घरासारखे आहे हे. भाडे थांबले की घर खाली करायचे.

केशरोपणात मानेवरच्या भागातले, डीएचटीला दाद न देणारे केस काढून पुढे लावतात. नव्या जागीही ते आपला स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५०च्या दशकात दाखवले. मी त्याला बँकेच्या भाषेत सांगितले, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती होते, एकूण शिल्लक वाढत नाही. चोविसाव्या वर्षी पुढची झालर भरून घेतली आणि मागचे मूळचे केस जातच राहिले, तर पस्तिशीत पुढे बेट आणि मागे मोकळे मैदान. आणि हा विषय केवळ दिसण्याचाही नाही. रोपणानंतर माणसे दगावल्याचे प्रकार देशात घडले आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे ही शस्त्रक्रिया सुरू करण्याइतके प्रशिक्षण नव्हे, असे बजावावे लागले. माहितीपत्रकात हप्ता होता, सवलत होती. शस्त्रक्रिया कोण करणार त्या डॉक्टरचे नाव नव्हते. ते मी त्याला शोधायला लावले.

त्याने औषध सुरू केले आहे. सहा महिन्यांनी त्याच खिडकीत, त्याच उजेडात फोटो काढून पुन्हा यायला बाईंनी सांगितले आहे. तोवर कर्ज नाही. कॅमेरा अजून बंदच असतो, आणि तो चालू कर असे मी त्याला म्हटलेले नाही. त्याच्या वडिलांना मात्र गच्चीवर गाठून सांगितले, की जेवणाच्या ताटावर पोराच्या डोक्याचा विषय काढू नका. त्यांनी मान डोलावली. ते करतीलही प्रयत्न, पण त्यांची अडचण मोठी आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे स्वतःचे केस असे दाट आहेत, की बोलता बोलता हात आपोआप भांगावरून फिरतो.