किल्ल्याच्या पायथ्याची छावणी

दिवाळी आठवड्यावर आली की निपाणी-चिकोडीच्या बाजारात रस्त्याकडेला किल्ल्यावरची मातीची चित्रं मांडली जातात. सिंहासनावरचे महाराज, घोडेस्वार, भालाईत, तोफ आणि तिच्याशेजारी गोलंदाज. त्याच रांगेत पाण्याची घागर घेतलेली बाई, गवळण, वासुदेव, मेंढरांमागचा धनगर आणि गुहेत बसवायचा वाघ. सदलग्यासारख्या गावातलं पोर आधी महाराज निवडतं, मग उरलेल्या पैशांत मावळे किती बसतात ते मोजतं. सैन्य उभं करण्याचा हा पहिला धडा, आणि तो बहुतेकांना आठव्या-नवव्या वर्षीच मिळतो.

किल्ल्याचं बांधकाम सगळ्या सीमाभागात साधारण एकच. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, बुरुजांना हाताने दिलेला आकार आणि उतारावर पेरलेले हळीव किंवा मोहरी. फरक मातीचा. बेळगाव-खानापूरकडची माती तांबडी, सह्याद्रीचा रंग आपसूक घेऊन येणारी. सदलगा दूधगंगेच्या काठचं, उसाच्या काळ्या रानातलं. इथला किल्ला वाळला की भेगाळतो आणि रोज सकाळी पाणी शिंपडून जपावा लागतो. बेळगावात तर हे काम पोरांच्या हातून तरुण मंडळांच्या हातात गेलं आहे. खऱ्या गडाचा नकाशा समोर ठेवून माची आणि दरवाजे जागच्या जागी बसवले जातात, स्पर्धा होतात, किल्ले पाहायला गल्लोगल्ली माणसं फिरतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिलं. त्यातला पन्हाळा तर या भागाच्या शेजारचाच.

या किल्ल्यांवर एक गोष्ट हमखास दिसते. महाराजांची मूर्ती गडाच्या दरवाजापेक्षा उंच असते आणि मावळा तिच्या गुडघ्याला लागतो. याला चूक म्हणणं बरोबर नाही. दरबारी लघुचित्रांतही राजा इतरांहून मोठा काढलेला दिसतो. कोण कोणाच्या हुकमात आहे, हे लांबून एका नजरेत कळावं, हाच त्यामागचा हेतू.

नेमका हाच प्रश्न युरोपातल्या छंदी लोकांनी दुसऱ्या वाटेने सोडवला. प्रशियात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ सैन्याच्या शिक्षणासाठी आणला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातले शिपाई घराच्या जमिनीवर लढवले. आज जगभर १५ किंवा २८ मिलिमीटर उंचीच्या मापाचे शिपाई रंगवून ऐतिहासिक लढाया मांडल्या जातात. इथे सेनापती शिपायाएवढाच असतो. त्याला ओळखायचं ते त्याच्या बैठकीवरून: शेजारी निशाणधारी, नगारा किंवा शिंग वाजवणारा, एखादा हुकूम घेऊन आलेला स्वार. फिल बार्कर यांच्या १९९० च्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या नियमावलीत सगळं सैन्य १२ तुकड्यांचं. त्यातल्या एकीत सेनापती आणि सैन्यामागे छावणी. ती शत्रूच्या हाती गेली तर त्याचा फटका हारजितीच्या हिशेबाला बसतो. म्हणून छंदी माणूस तंबू, बैल, चुली, सामानाच्या गोण्याही घोडदळाइतक्याच जीव लावून रंगवतो.

मराठी सैन्याची छावणी रंगवायची तर आधार हाताशी आहे. दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर १८०९ मध्ये फिरलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रं १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, तीही एका देशी चित्रकाराच्या चित्रांवरून केलेल्या दहा रंगीत छापांसह. तळ हलायचा तेव्हा बिनीवाला पुढे जाऊन शिंद्यांच्या डेऱ्यांच्या जागी छोटं पांढरं निशाण रोवायचा. मग एकेका बाजाराची निशाणं लागायची आणि त्यांच्या खुणेवर दुकानं, राहुट्या, घोड्यांच्या रांगा आपापली जागा धरायच्या. म्हणजे चालतं-फिरतं गावच. ते मांडताना पहिलं चित्र बिनीवाल्याचं हवं. मातीच्या चित्रांत तो कधी मिळत नाही, याची खंत वाटते.

पण सगळ्या काळाला एकच छावणी चालणार नाही. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांचा दंडक नोंदला आहे: लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी, ठेवील त्याची गर्दन मारावी. शिवकाळातला तळ म्हणून सुटसुटीत रंगवावा: थोडे तंबू, खोगिरं, तोबरे, भाले. पानिपताची छावणी याच्या अगदी उलट. १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बायकामुलं होती, यात्रेकरू होते, बाजारबुणगे होते, आणि या सगळ्यांना सांभाळत लढायचं ओझं सैन्यावर होतं. ती मांडणी बघणाऱ्याला लढाईचं अर्धं कारण सांगून जाते. बाजारातली घागरवाली आणि गवळण अशा तळावर अगदी शोभतील.

सीमाभागातल्या पोरांसाठी जवळचा प्रसंग मात्र नेसरीच्या खिंडीतला. उमराणीला कोंडीत सापडलेल्या विजापूरच्या बहलोलखानाला सरनौबत प्रतापराव गुजरांनी सोडून दिलं, महाराजांचा रोष ओढवून घेतला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी अवघ्या सहा स्वारांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले. राज्याभिषेक तेव्हा साडेतीन महिन्यांवर होता. हा प्रसंग मांडायला गड लागत नाही. खिंडीसाठी दोन मोठे दगड आणि सात घोडेस्वार पुरतात. सरनौबत इथे सहांच्या पुढे, म्हणून त्यांना मोठं करायची गरज नाही.

रंगाचं काम शांतपणे करावं. आधी सगळ्या मूर्तीला एक पातळ हात द्यावा आणि वाळू द्यावा. मग अंगरखा, शेला, पागोटं. त्यानंतर पाणी घालून पातळ केलेला तपकिरी रंग घड्यांत सोडला की कापडाला खोली येते, आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग घासला की ऊन पडल्यासारखं दिसतं. सातही घोडे एका रंगाचे करू नयेत: कोणी अबलख, कोणी पंचकल्याणी, कोणी मातकट बोरसा. खुरांवर थोडी धूळ हवी, आणि ती सदलग्याच्या काळ्या मातीची नको. नेसरीकडची तांबूस माती चिमूटभर आणून पाण्यात कालवली की पुरते.