पोटातली वारी

ओडिशातल्या 149 खेड्यांमधल्या नवजात बाळांना जन्मानंतर दोन-चार दिवसांत एक औषध द्यायला सुरुवात झाली. सात दिवस, तोंडावाटे. एकूण 4,556 बाळं. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं पण काहीच नसलेलं. खऱ्या औषधात लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम या जातीच्या जिवाणूचा एक ठरावीक वाण होता आणि त्या जिवाणूची शिदोरी म्हणून एक साखर. कांद्या-लसणात, केळ्यात सापडणारी आणि माणसाला न पचणारी ही साखर. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल छापला. औषध न मिळालेल्या बाळांपैकी 9 टक्के सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने, आजारी पडली किंवा दगावली, औषध मिळालेल्यांपैकी 5.4 टक्के. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी ठरल्याआधीच थांबवण्यात आली.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर तोच डोक्यात होता. पोटातल्या जिवाणूंबद्दल इतकं ठोस, इतकं आपल्या मातीतलं क्वचितच हाती लागतं. मग काही महिन्यांनी माझ्या आईला अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स झाला आणि मी औषधाच्या दुकानात उभी राहिले. काउंटरवरच्या मुलाने जिवाणूंच्या कॅप्सूलची दोन खोकी पुढे सरकवली. “ताई, हे घ्या. त्यात चारच जाती आहेत, ह्यात बारा.” मी खोकं उलटसुलट करून वाचलं. जातींची नावं होती. वाण कोणता, ते कुठेच नव्हतं.

वाणावाचून जात सांगणं म्हणजे काय, हे सोलापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं. त्याला नुसतं ‘ज्वारी’ म्हणून चालत नाही. हुरड्याला गूळभेंडी लागते, भाकरीला मालदांडी. दोन्ही ज्वारीच, पण एकीचं काम दुसरीला जमत नाही. जिवाणूंचंही तसंच आहे. एका वाणाने बाळाला वाचवलं म्हणून त्याच जातीचा दुसरा वाण पन्नाशीतल्या माणसाचं गॅसेस आणि बद्धकोष्ठ बरं करील, असं कोणी म्हणू शकत नाही. फार काय, बाळांमध्येही फरक आहे. ओडिशातली बाळं जवळजवळ पूर्ण दिवसांची आणि दोन किलोंच्या वरची होती. फार लवकर जन्मलेल्या बाळांना रुग्णालयात जिवाणूंची औषधं देण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये सावधगिरीचा इशारा दिला. अशा एका बाळाचा त्या औषधातल्याच जिवाणूच्या संसर्गानंतर मृत्यू झाला होता. आपल्याकडे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वेष्टनावर जात, वाण आणि मुदत संपेपर्यंत किती जिवाणू जिवंत राहतील तो आकडा असावा, असं त्यांत म्हटलेलं आहे. मागणं साधं आहे, आणि ग्राहकाने ते मोठ्याने मागावं असं मला वाटतं.

ही सगळी बाजारपेठ सुरू झाली एका माणसाच्या भीतीतून. इल्या मेचनिकॉव्ह हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ. पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात ते त्यांनी दाखवलं आणि 1908 चं नोबेल पॉल एर्लिख यांच्यासह मिळवलं. त्यांची पक्की समजूत होती की मोठ्या आतड्यात अन्न सडतं, त्यातून विष रक्तात भिनतं आणि माणूस म्हातारा होतो. ती कल्पना त्या काळी इतकी जोरात होती की लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठावर इलाज म्हणून चक्क मोठं आतडं कापून काढत. मेचनिकॉव्ह यांनी सौम्य मार्ग काढला. दही लावणारे जिवाणू पोटात आम्ल तयार करतील आणि सडवणारे जिवाणू मागे हटतील, असा तो विचार. स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टरने 1905 मध्ये जिनिव्हात आपल्या देशाच्या दह्यातला जिवाणू शोधला होता. बल्गेरियातली खेडुत माणसं शंभरी गाठतात अशी कीर्ती होती. दोन्ही गोष्टी जुळल्या. मेचनिकॉव्ह स्वतः रोज आंबवलेलं दूध पीत राहिले आणि 1916 मध्ये, 71 व्या वर्षी, गेले.

पण वाट पडली होती. 1919 मध्ये आयझॅक करासो यांनी बार्सिलोनात दही विकायला काढलं, ते औषधांच्या दुकानांतून. मुलाच्या, म्हणजे डॅनियलच्या, लाडक्या नावावरून कंपनीचं नाव पडलं दानोन. क्योतोत मिनोरू शिरोता यांनी 1930 मध्ये एक वाण निवडून वाढवला आणि 1935 मध्ये त्यातून याकुल्ट आलं. आज आपल्याकडच्या त्या इवल्या 65 मिलीच्या बाटलीत 650 कोटी जिवाणू असतात.

650 कोटी हा आकडा ऐकून छाती दडपते. मग दुसरा आकडा पाहावा. सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी 2016 मध्ये हिशेब मांडला तो असा: माणसाच्या अंगात साधारण 38 लाख कोटी जिवाणू, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. त्याआधी वर्षानुवर्षं ‘पेशींच्या दहापट जिवाणू’ असं छापलं जायचं, ते त्यांनी खोडून काढलं. प्रमाण जवळपास बरोबरीचं निघालं. आता भागाकार करा. त्या बाटलीतले जिवाणू हे पोटातल्या मंडळींच्या सहा हजारांत एक. सहा लाखांची वारी चालली आहे आणि तीत शंभर माणसांची एक नवी दिंडी येऊन मिळाली, एवढं ते प्रमाण. ती दिंडी काही कामाची नाही असं नव्हे. पण वारीने तिला सामावून घ्यायला हवं, आणि पुष्कळदा वारी ते करत नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने 2018 मध्ये थेट आतड्यातले नमुने काढून पाहिलं. काही माणसांत औषधातले जिवाणू टिकले, काहींत जसे आले तसे निघून गेले. त्याच गटाच्या दुसऱ्या प्रयोगात अँटिबायोटिकनंतर जिवाणूंची औषधं घेणाऱ्यांच्या पोटातली मूळची वस्ती परत बसायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

म्हणजे आईला मी ते खोकं द्यायचं होतं की नव्हतं? अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब काही वाणांनी कमी होतात, याला चांगला आधार आहे. वाइझमनचा प्रयोगही खरा, पण तो मोजक्या माणसांवरचा. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये सगळा पुरावा चाळला आणि पचनाच्या बहुतेक विकारांसाठी ही औषधं सुचवायला नकार दिला. होकार दिला तो थोड्या ठिकाणी, तोही ठरावीक वाणांना आणि अटी घालून. मी डॉक्टरांना वाण विचारला. त्यांनी विचार करून एक नाव लिहून दिलं आणि ‘कोर्स संपला की बंद’ असं बजावलं. असं उत्तर मिळालं की बरं वाटतं.

खरी मेख शिदोरीत आहे. ओडिशाच्या औषधातली ती न पचणारी साखर आठवा. आपल्याला न पचणारे तंतू मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. त्याच ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या कोष्टकांप्रमाणे 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू आहेत, नाचणीत 11, बाजरीत साडेअकरा. पॉलिश केलेल्या तांदळात तीनपेक्षा कमी, मैद्यात तीनपेक्षा कमी. पिझ्झ्याचा बेस, पाव, बिस्किटं खाऊन वर महागडी कॅप्सूल घेणं म्हणजे पाहुण्यांना आवतण देऊन चूल न पेटवणं.

इथे इसबगोलाची गोष्ट निघते, कारण समाजमाध्यमांवर लोक त्याला वजन घटवण्याच्या इंजेक्शनचा गरिबाघरचा भाऊ ठरवून मोकळे झाले आहेत. उत्तर गुजरातेत, सिद्धपूर-उंझ्याकडे, त्याचा मोठा व्यापार चालतो. नाव फारसीतलं, घोड्याचा कान अशा अर्थाचं. बी तसंच दिसतं. भुसा पाणी धरून फुगतो, जेली होते, मल मऊ होतो, कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. हे सगळं खरं. पण इसबगोल आतड्यात फारसा आंबत नाही. म्हणून तर इतर तंतूंपेक्षा त्याने गॅस कमी होतो, आणि म्हणूनच जिवाणूंना त्यातून खायला फारसं मिळत नाही. झाडू म्हणून उत्तम, जेवण म्हणून नाही. तो पेलाभर पाण्यासोबत लगेच प्यावा. कोरडा घशात अडकू शकतो. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवावा. आणि शौचातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन, पन्नाशीत अचानक बदललेली सवय, यांवर इसबगोल घेत महिने काढू नयेत. मी हे फार तळमळीने लिहिते आहे. अशी माणसं मी पाहिली आहेत.

ज्यांचं पोट सदा कुरकुरतं, त्यांना तंतूंचा उपदेश उलटाही बसतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या आहारपद्धतीत कांदा, लसूण, गहू, हरभरा काही आठवडे बाजूला ठेवून एकेक करून परत आणतात. आतडं हळवं असेल तर तीच जिवाणूंची शिदोरी कळ आणते. त्यामुळे सगळ्यांसाठी एकच यादी मी देणार नाही.

आंबवलेल्या पदार्थांबद्दल स्टॅनफर्डचा 2021 चा प्रयोग बोलका आहे. 36 निरोगी माणसं, दहा आठवडे. दही, केफीर, किमची असं भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातली जिवाणूंची विविधता वाढली, दाह दाखवणारी 19 प्रथिनं रक्तात उतरली. नुसते तंतू वाढवणाऱ्यांत विविधता तेवढ्या काळात वाढली नाही. माणसं थोडी होती, हे ध्यानात ठेवायचं. पण हे वाचून आपल्याकडे लगेच ‘आमची इडली, आमचा ढोकळा, आमचं लोणचं’ असं सुरू झालं. इडली आणि ढोकळा आंबतात खरे, पण वाफेत जिवाणू मरतात. पचायला हलके होतात, एवढा लाभ उरतो. तेल-मिठातलं कैरीचं लोणचं बहुधा आंबतच नाही, मुरतं. जिवंत जिवाणू हवे असतील तर घरचं दही आणि ताक. चरकसंहितेत मूळव्याध आणि ग्रहणीवर ताक सांगितलं आहे. तो कुठल्या वाणाचा पुरावा नव्हे, पण ताक आपल्या पानात किती जुनं आहे ते त्यातून कळतं.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला, वेळ अमावास्येला, लातूर शहर ओस पडतं. सगळे शेतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यात आंबील. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, शिजवायचं. शिजताना त्यातले जिवाणू जातात. पण आंबील गार झाल्यावर वरून पुन्हा ताजं ताक घातलं की ज्वारीचे तंतू आणि जिवंत जिवाणू एकाच वाटीत येतात. ओडिशाच्या औषधातली जोडी ती हीच का? नाही, वाण वेगळा, मात्रा वेगळी, आणि ही आंबील कोणी चाचणीत तोललेली नाही. तरीही त्या दिवशी आईने दोन वाट्या घेतल्या, आणि तिसरी मागितली.