लडाख : एका खासदाराचा प्रदेश

लोकसभेच्या ५४३ मतदारसंघांपैकी क्षेत्रफळाने सर्वांत मोठा कोणता, या प्रश्नाचे स्पर्धा परीक्षांतील ठरलेले उत्तर ‘लडाख’ असे आहे. ते पूर्णतः निर्विवाद नाही. पावणेदोन लाख चौरस किलोमीटरच्या घरातला जो आकडा या मतदारसंघापुढे लिहिला जातो, त्यात पाकिस्तान व चीन यांच्या ताब्यातील भूभागही धरलेला असतो. प्रत्यक्ष भारतीय प्रशासनाखाली असलेले क्षेत्र सुमारे ५९ हजार चौरस किलोमीटर आहे. तेवढेच धरले, तर राजस्थानातील बाडमेरसारखे वाळवंटी मतदारसंघही स्पर्धेत येतात. तरीही हा प्रदेश केरळच्या दीडपट भरतो. केरळचे लोकसभेत २० सदस्य आहेत, लडाखचा एक.

लोकसंख्येच्या मापाने पाहिले की हेच चित्र उलटे दिसते. २०११च्या जनगणनेनुसार लडाखची लोकसंख्या २,७४,२८९ होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला जेमतेम पाच माणसे. २०२४च्या निवडणुकीत येथे सुमारे १ लाख ८४ हजार मतदार होते, तर तेलंगणातील मलकाजगिरी या एका मतदारसंघात ३७ लाखांहून अधिक. त्यामुळे लडाखी मतदाराच्या मताचे वजन मलकाजगिरीच्या मतदारापेक्षा वीसपट आहे, असे कुणी म्हटले तर अंकगणित त्याच्याच बाजूने उभे राहील. मात्र मताचे वजन आणि प्रतिनिधित्वाची पोच या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भूगोल आधी ध्यानात घ्यावा लागतो. लेह ते कारगिल हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक. कारगिलहून झांस्कर खोऱ्यातील पदुमला जायचे, तर तितकेच अंतर पुन्हा, तेही पेन्सी ला ओलांडून. उत्तरेला नुब्रा, पूर्वेला पश्मिना शेळ्या राखणाऱ्या चांगपा पशुपालकांचे चांगथांग, पश्चिमेला द्रास. काश्मीरशी जोडणारी ३,५२८ मीटर उंचीवरील झोजिला खिंड पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद राहत असे. अलीकडे हा काळ काही आठवड्यांवर आला आहे. २०२४मध्ये वारशी या गावी एकाच कुटुंबातील पाच मतदारांसाठी केंद्र उभारले गेले. अशा बातम्यांचे आपल्याकडे लोकशाहीचे कौतुक म्हणून स्वागत होते. ते कुटुंब उरलेली पाच वर्षे आपली तक्रार कोणाकडे नेते, ही बातमी सहसा होत नाही.

लोकसंख्येचे आकडेही येथे जपून वाचावे लागतात. २०११मध्ये लेह जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे केवळ ६९० स्त्रिया नोंदल्या गेल्या. हा स्त्रीभ्रूणहत्येचा पुरावा मानायचा, तर सहा वर्षांखालील मुलांमधील प्रमाण मात्र ९४४ होते. कारण वेगळे आहे : बाहेरून आलेले सैनिक आणि रस्ते बांधणारे मजूर. हिमाच्छादित प्रदेशांची गणना बर्फ पडण्यापूर्वी, सप्टेंबरअखेर उरकली जाते, आणि त्या वेळी कामाचा हंगाम पुरता सरलेला नसतो. लेहमधील हिंदूंचे १७ टक्के प्रमाणही बहुतांशी याच वर्गातून येते. स्थानिक समाज म्हणजे प्रामुख्याने बोत, बाल्टी, पुरिग्पा, ब्रोक्पा, चांगपा आदी आठ अनुसूचित जमाती. तरी हा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव नाही.

धर्मानुसार लेहमध्ये दोन तृतीयांश बौद्ध, तर कारगिलमध्ये तीन चतुर्थांशांहून अधिक मुस्लिम, त्यांत बहुसंख्य शिया. दोन्ही जिल्हे आकाराने जवळपास तुल्यबळ असल्याने कोणाची मते फुटतात यावरच निकाल ठरतो. २०१४मध्ये कारगिलची मते दोन अपक्षांत विभागली गेली आणि भाजपचे थुपस्तान छेवांग अवघ्या ३६ मतांनी विजयी झाले. २०२४मध्ये नेमके उलटे घडले : भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही लेहचे बौद्ध उमेदवार दिले, आणि कारगिलचे अपक्ष मोहम्मद हनीफा २७ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. प्रत्येक खेपेला एक जिल्हा जिंकतो, दुसरा पाच वर्षे वाट पाहतो.

३१ ऑक्टोबर २०१९पूर्वी ही कोंडी इतकी तीव्र नव्हती. जम्मू-काश्मीरच्या विधानसभेत लेह, नुब्रा, कारगिल आणि झांस्कर असे चार आमदार होते. केंद्रशासित प्रदेश झाल्यावर विधानसभा गेली आणि राज्यसभेतही जागा उरली नाही. लेह व कारगिल येथील स्वायत्त पर्वतीय विकास परिषदा आहेत, पण त्यांना कायदे करण्याचा अधिकार नाही. कायदेमंडळात लडाखने निवडून दिलेला माणूस आज एकच आहे. राज्याचा दर्जा, सहावी अनुसूची आणि लोकसेवा आयोग यांच्या जोडीने ‘लेह व कारगिलसाठी स्वतंत्र खासदार’ ही मागणी लेह ॲपेक्स बॉडी आणि कारगिल डेमोक्रॅटिक अलायन्स एकत्र मांडतात, ती यातूनच. आजवर परस्परांविरुद्ध मतदान करणारे दोन जिल्हे या मुद्द्यावर एका बाजूला आले, याचे गांभीर्य दिल्लीने वेळीच ओळखायला हवे होते. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये आंदोलन हिंसक झाले आणि चार जणांचे प्राण गेले.

इतक्या कमी लोकसंख्येला दोन जागा कशा द्यायच्या, हा आक्षेप घटनेच्या कसोटीवर टिकत नाही. जागा आणि लोकसंख्येच्या समान प्रमाणाचे तत्त्व अनुच्छेद ८१मध्ये राज्यांसाठी आहे. केंद्रशासित प्रदेशांचे प्रतिनिधित्व संसद कायद्याने ठरवते. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव यांचे २०२०मध्ये विलीनीकरण झाले, तेव्हा दोन्ही जागा कायम ठेवण्यात आल्या. त्या प्रदेशाची २०११ची लोकसंख्या सुमारे ५ लाख ८७ हजार. क्षेत्रफळ मात्र लडाखच्या तालुक्याएवढेही नाही.

खरी अडचण सीमारेषेची आहे. २०२६नंतरच्या जनगणनेवर पुढील मतदारसंघ पुनर्रचना व्हायची आहे, आणि हिमाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. जुन्या जिल्हासीमेवर रेघ मारली, तर झांस्करचे बौद्ध कारगिलच्या आणि लेहमधील मुस्लिम लेहच्या मतदारसंघात कायमचे अल्पसंख्य ठरतील. आजच्या एकाच मतदारसंघात निदान दोन्ही बाजूंना एकमेकांची मते मागावी लागतात. ऑगस्ट २०२४मध्ये झांस्कर, द्रास, शाम, नुब्रा आणि चांगथांग या पाच नव्या जिल्ह्यांची घोषणा झाली. रेघ त्यांच्या सीमांवरून काढायची की जुन्याच विभागणीवरून, यावर लेह आणि कारगिलच्या नेत्यांनी पुनर्रचना आयोग नेमला जाण्याआधीच आपापसांत बोलून घेतलेले बरे.